अकरावा थांबा

३ सप्टेंबर

ताई,

आठवड्याचे सहा तक्ते सोबत आहेत. जाताना चौदा थांबे, येताना चौदा, एकही रकाना रिकामा नाही. आधी ते बघून घे. मग वाटलं तर हे वाच, नाहीतर आईला दे. तिला माझं अक्षर लागत नाही, पण लागल्यासारखं करते.

फोन तू उचलत नाहीस. आई म्हणते, "झोपलीये गं." सकाळी अकराला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली. माझ्या तोंडावर पाणी मारून मला उठवणारी तू! बरं. म्हणून पत्र. तक्ते तर तुला घ्यावेच लागणार, त्यांच्या आडून मी आत शिरते.

सायकल ठीक आहे. पुढचं चाक सरळ करून घेतलं. सीट तुझ्या उंचीची आहे ती मी खाली केलेली नाही. सिग्नलला पाय टेकत नाहीत, मग फुटपाथचा कठडा शोधत लंगडी घालावी लागते, लोक हसतात. पण सीट खाली घेतली की ती माझी सायकल होईल, आणि ते मला नको आहे.

तुझे नियम भिंतीवर आहेत तसेच पाळते. थांब्यावर उतरायचं. सायकल उभी करायची. आपल्या अंगाची ऊब सायकलवरच्या तापमापकाच्या डबीला लागू नये म्हणून चार पावलं लांब जायचं, शंभर मोजायचे, मग परत येऊन आकडा बघायचा आणि लगेच लिहायचा. शंभर मोजणं सोपं आहे असं तुला वाटत असेल. मला साठपर्यंत जमतं. साठाला कुणीतरी कुत्रं घेऊन येतं, कुणाची तरी टोपी उडते, आणि मी पुन्हा एकपासून.

चौथ्या थांब्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशी रोज विचारतात, "आज किती?" जणू तापमान मीच ठरवते. परवा म्हणाल्या, "हे मोजून होतं काय?" मी सांगितलं, माझी ताई विद्यापीठात संशोधन करते. झाडांखालचा रस्ता किती तापतो आणि सिमेंटचा किती, हे घर ते विद्यापीठ नऊ किलोमीटर, वर्षभर, जाता-येता मोजायचंय. जानेवारीपासून तिने मोजलं. ऑगस्टमध्ये ती पडली, म्हणून आता मी.

"पडली कशी?"

"सायकलवरून," म्हटलं.

गुडघा कसा आहे ते आईकडून कळतं, पण आईचं "बरा आहे" तुला माहीतच आहे. तिच्या लेखी बाबांचं ऑपरेशनसुद्धा "बरं" होतं.

तुझी,
भिंगरी


१० सप्टेंबर

ताई,

तुझा लिफाफा आला! जिन्यातच फाडला. आत बारा कोरे तक्ते. तुझ्या हाताने आखलेले, पट्टी जराही न सरकलेले. मी एकेक उलटून पाहिला, मागे, कडेला, लिफाफ्याच्या आत बोट घालूनसुद्धा. काही नाही. एका तक्त्यावर चहाच्या कपाची अर्धी गोल खूण आहे. तो मी वापरणार नाही.

म्हणजे तू उठून बसतेस. मांडीवर फळी घेतेस. चहा पितेस. इतकं कळलं.

विद्यापीठात मी सव्वाआठला पोचते आणि तीनला निघायचं असतं. मधले पावणेसात तास करायचं काय? पहिले दोन दिवस सायकलच्या स्टँडजवळ बसून रखवालदाराशी गप्पा मारल्या. त्याने तुझ्या कार्डावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं, आणि म्हणाला, "फोटोत जास्त शहाण्या दिसता." मी म्हटलं, फोटो काढताना होते. आता मी दिसेल त्या वर्गात जाऊन बसते. मागच्या बाकावर कुणी काही विचारत नाही. मंगळवारी देवमाशांचे कान, बुधवारी कर्जरोखे (त्यात झोपले), गुरुवारी एक सर भिंतीला पाठ लावून अख्खा तास फक्त शेवाळ्याबद्दल बोलले आणि शेवटी त्यांचा आवाज भरून आला. ताई, तुम्ही लोक रोज हे ऐकता? आणि संध्याकाळी घरी येऊन "दूध संपलंय" एवढंच बोलता? दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं तेव्हा तू मला का नाही मारलंस?

मारलंस म्हणा.

लाँड्रीवाल्या मावशींना मी पूर्ण सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. सायकल मी चालवत होते. तू कॅरिअरवर, तक्त्यांची फाइल पोटाशी धरून. आठ दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे आले आणि दोन महिने राहिले होते, तर म्हटलं एक दिवस तुला मीच नेते. चष्म्याच्या दुकानावर एक माणूस शिडीवर चढून भला मोठा डोळा रंगवत होता. बुबुळ व्हायचं होतं. मी मान वळवून म्हटलं, "ताई बघ, आंधळा डोळा," आणि पुढे पाइपासाठी खणलेला चर होता.

मावशी म्हणाल्या, "होतं असं." तू दवाखान्यात म्हणालीस, "तू कशाकडेच सरळ बघत नाहीस." त्यानंतर आजपर्यंत तू माझ्याशी बोललेली नाहीस.

डोळा पूर्ण झालाय. बुबुळ निळं आहे. मी त्या बाजूला बघत नाही.

भिंगरी


१७ सप्टेंबर

ताई,

तक्ते सोबत. बुधवारी येताना जरा उशीर झाला, पंक्चर होतं. बाकी सगळं वेळेवर.

घरमालकीण बाई म्हणाल्या, मोठी होती तेव्हा जिना आवाज करत नव्हता. मी म्हटलं, तीसुद्धा याच जिन्याने यायची. "यायची, पण पायाने," म्हणाल्या.

आज एवढंच. हात दुखतोय.

भिं.


२४ सप्टेंबर

ताई,

पंक्चर नव्हतं.

आठ दिवस ते एक वाक्य घशात अडकलंय. बुधवारी येताना दहाव्या थांब्याचा आकडा लिहिला आणि समोरून एक ट्रक आला, त्याच्यावर नाव होती. अख्खी लाकडी नाव, नवीन, रंगाचा वास येत होता, आणि तिच्यात एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, रस्त्याच्या मधोमध, समुद्रात असल्यासारखा. आता मला सांग. मी गेले मागून. तळ्यापर्यंत गेले. ती पाण्यात उतरली तेव्हा तिथल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण. परत आले तेव्हा नवव्या थांब्याची वेळ टळून दीड तास झाला होता. आठव्याला पोचले, तिथून पुढचे सगळे उशिराचे म्हणून वेळ खरी लिहिली. पण नववा गाळला गेला होता, माझ्या लक्षातच आलं नाही. तो रिकामा रकाना मला बघवेना. मी आठव्याचा आणि दहाव्याचा आकडा घेतला, बेरीज केली, निम्मं केलं. ३०.४ आणि ३१.१, निम्मे ३०.७५. वरचा धरला, ३०.८. इतका खरा दिसत होता ना तो आकडा! खऱ्यांपेक्षा खरा.

बुधवार १४, येताना, नववा. खोड तो. आणि हवं ते बोल मला. आईच्या तोंडून बोललीस तरी चालेल.

तुझी


१ ऑक्टोबर

ताई,

लिफाफा आला. बारा तक्ते. आणि तो बुधवारचा तक्ता परत पाठवलास, नवव्या रकान्यावर लाल पेन्सिलीची एक बारीक रेघ. शब्द नाही. पण रेघ तुझी आहे, आणि ती ओढताना तू माझा विचार केला असशीलच, चिडून का होईना. मी तो तक्ता उशीखाली ठेवलाय. हसू नकोस.

यापुढे रिकामा असेल तर रिकामा पाठवीन. शपथ.

भिंगरी


८ ऑक्टोबर

ताई,

तुझ्या मॅडमनी बोलावलं होतं. एवढ्या बारीक बाई आणि एवढा मोठा आवाज! त्यांनी भिंतीवर एक लांब कागद पसरला. चौदा थांबे, चौदा रेघा, जानेवारीपासून.

"हा अकरावा बघ," म्हणाल्या. "सुरुवातीचे काही दिवस सोडले तर ऑगस्टपर्यंत दहाव्या आणि बाराव्याच्या अगदी मधून चाललाय. आणि तू आलीस तिथून एकदम खाली. तीन-तीन अंशांनी. काय करतेस तू तिथे?"

"उतरते. शंभर मोजते. लिहिते."

"रस्ता तोच, डबी तीच, बाकी तेरा थांबे नीट जुळताहेत. मग अकराव्यालाच काय होतं? कुठे सावलीत जाऊन उभी राहतेस का?"

तिथे सगळीच सावली आहे, मी म्हणाले. तुला माहीत आहे, तो चढ, डोंगर फोडून काढलेली खिंड, दोन्हीकडे ओला कातळ. मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, दहा नोव्हेंबरला समितीपुढे हे ठेवायचंय. कारण सापडलं नाही तर माझे महिने काढून टाकावे लागतील. म्हणजे तुझं वर्ष पूर्ण होत नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

जाताना म्हणाल्या, "तिची जुनी फाइल नीट बघ. ती कशी घ्यायची ते बघ आणि तसंच घे."

तर मी फाइल काढली आहे.

आज दुसरं काही लिहीत नाही. खिडकीत कबुतराने घरटं केलंय, म्हणजे चार काड्या टाकल्यात आणि त्याला ते पुरेसं वाटतंय. मीही अशीच ना.


१५ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आईला वाचून दाखवू नकोस.

अकराव्याजवळ, चढाच्या मध्यावर, पंक्चरवाले काका बसतात. तू त्यांना ओळखत नसशील, पण ते तुला ओळखतात. मी रोज उतरते म्हणून ते मला चिडवतात. सोमवारी शंभर मोजून परत आले तर म्हणाले, "तुझी बहीण बरी होती तुझ्यापेक्षा. लांब वेणीची ना? ती कधी उतरली नाही."

"कधी म्हणजे?"

"कधीच. इथे सगळे उतरतात पोरी. पैलवान उतरतात. ती नाही. दात-ओठ खात पेडल मारायची, लाल व्हायची, पण पाय खाली नाही टेकला. मी तर रोज पावणेआठला खालीच बघत बसायचो, आज उतरते का म्हणून. हरलो बुवा."

मी म्हटलं, येताना उतरत असेल. "येताना उतार आहे," म्हणाले. "उतारावर कोण थांबतं?"

घरी येऊन फाइल उघडली. जानेवारीचा पहिला आठवडा नीट आहे. अकरावा कधी खाली, कधी फारच खाली. नवव्या दिवशी तू समासात लिहिलंयस, "चढावर पुन्हा सुरू होत नाही, ८.३० चं प्रॅक्टिकल चुकलं." त्यानंतर दहाव्याचा आकडा आणि बाराव्याचा आकडा, बेरीज, निम्मं. एक दिवस केलं, दहा दिवस केलं, मग सगळा फेब्रुवारी. जिथे शेवटी पाच उरतो तिथे वरचा धरलास. मीही वरचाच धरला होता. मॅडमसारख्या मॅडमना जे आठ महिन्यांत दिसलं नाही ते मला एका दुपारी दिसलं, कारण ही माझी लबाडी आहे, मी तिला कुठेही ओळखीन.

मला वाटलं होतं मला राग येईल. दवाखान्यातलं तुझं वाक्य आठवून यायलाच हवा होता. खरं सांगू? मी फाइल मिटली आणि तुझ्या पलंगावर, तुझ्या जागेवर आडवी झाले आणि रडले. तू इतकी थकायचीस? रोज नऊ किलोमीटर, मग प्रॅक्टिकल, मग लायब्ररी, मग नऊ किलोमीटर, मग माझ्यासाठी अंडी उकडायचीस. आणि तो एक चढ तुला उतरून चालत जावंसं वाटलं नाही, कारण एक अनोळखी म्हातारा बघत होता. माझ्याइतकीच वेडी आहेस तू. मला कधी सांगितलं नाहीस.

आता काय करायचं ते तू सांग. एक सोपा मार्ग आहे. मी मॅडमना म्हणते, चुकीच्या जागी थांबत होते. त्यांचा लगेच विश्वास बसेल, माझ्याबद्दल असलं काही सांगितलं की सगळ्यांचाच बसतो. माझे अकराव्याचे आकडे काढतील, तुझे राहतील, वर्ष पूर्ण. मला त्याचं काही नाही. मी तशीही डिसेंबरनंतर कुठे असेन कुणास ठाऊक.

पण ताई, तिथे गार आहे. भर दुपारी. तुझ्या नऊ किलोमीटरमध्ये एवढी गार जागा दुसरी नाही, आणि तुझ्या प्रबंधात ती नसेल.

एक शब्द पाठव. "बोल" किंवा "बोलू नको". तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलास तरी चालेल.

तुझीच


२९ ऑक्टोबर

ताई,

लिफाफा आला नाही. मागच्या आठवड्यातही नाही. कोरे तक्ते संपले, म्हणून मी स्वतः आखले. सोबत आहेत. चौथ्या रांगेनंतर सगळ्या ओळी जिन्यासारख्या चढत गेल्यात. बघून तरी तुझ्या अंगाचा तिळपापड होईल आणि तू मला दोन शब्द सुनावशील अशी आशा आहे.

आईला फोन केला. "ती काय करते?" विचारलं. आई म्हणाली, "भिंतीकडे बघत बसते. तू काय लिहिलंस तिला?" मी म्हटलं, तापमान.

मी लिहायला नको होतं का? सायकलवर दिवसभर हेच चालतं डोक्यात. थांब्यांवरही शंभर आता सरळ मोजून होतात, मध्ये कुणीही आलं तरी. मला वाटलं होतं मी सुधारले की तुला कळवण्यात मजा येईल.

चपलांच्या शेजारी तुझे बूट आहेत. धूळ बसते म्हणून मी ते रोज पुसते आणि पुन्हा तसेच ठेवते, एक जरा पुढे, घरात शिरताना घाईत काढल्यासारखे.

दहा तारखेच्या सकाळपर्यंत तुझं काही आलं नाही तर मी चूक माझी म्हणून सांगणार. तू नको म्हणाली नाहीस म्हणजे हो, असं धरीन. माझ्यावर चिडलेली चालशील, पण तुझं वर्ष जायला नको.

भिंगरी


१२ नोव्हेंबर

ताई,

काल तुझी बस गेली आणि मी स्टँडवर उगाच अर्धा तास उभी होते, कुठल्या तरी दुसऱ्याच गावाच्या बसकडे बघत. तू समोर होतीस तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहिते.

नऊ तारखेला दार उघडलं तर तू, एका हातात काठी, एका हातात पिशवी, मागे बाबा. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "जिना चढलीस?" तू म्हणालीस, "उडून आले." आणि आत जाऊन भिंतीवरचे नियम बघत बसलीस. मला वाटलं होतं तू मिठी मारशील किंवा थोबाडीत मारशील. दोन्हींची तयारी होती.

दहाला मॅडमच्या दारापर्यंत मी आले. तू म्हणालीस, "बाहेर थांब." काच होती, आवाज येत नव्हता. तू उभी राहून बोललीस, त्यांनी खुर्ची दाखवली तरी बसली नाहीस. मॅडमनी चष्मा काढला. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा पांढरा होता. म्हणालीस, "अकराव्याचे माझे सगळे आकडे रद्द. जानेवारी ते ऑगस्ट पुन्हा घ्यायचे. समितीला त्या स्वतः सांगणार आहेत. शिष्यवृत्ती राहील की नाही माहीत नाही." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तू हात वर केलास. घरापर्यंत बाबाच एकटे हवेबद्दल बोलत होते.

पण काल सकाळी. मी उठले तर तुझा पलंग रिकामा, काठी नाही. मला वाटलं गेलीस न सांगता. तुझे तक्ते, तुझी डबी घेऊन निघाले, करणार काय, सातची वेळ झाली होती. पहिला थांबा, दुसरा, एकही टाळला नाही, पण काय लिहिलं ते देवाला ठाऊक. आणि चढाच्या मध्यावर आले तर तू काकांच्या लाकडी खोक्यावर बसलेली. पहिली बस पकडून खाली उतरलीस म्हणे, आणि तिथून काठी टेकत चढ चढत आलीस.

काका मला बघून ओरडले, "बघ! उतरली एकदाची!"

तू त्यांना म्हणालीस, "उतरले हो. जिंकलात." आणि ते इतके ओशाळले की त्यांनी मला फुकट हवा भरून दिली.

मी सायकल उभी केली. तू काठी टेकत कातळापर्यंत गेलीस, मी शेजारी. शंभर तू मोजलेस, ओठ न हलवता. मी फक्त तुझ्याकडे बघत होते, पहिल्यांदा शंभरपर्यंत माझं लक्ष कुठेच गेलं नाही. मग तू डबीत वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "लिही. एकोणीस पूर्णांक दोन." मी लिहिलं. तू हात लांब करून ओल्या कातळावर ठेवलास, तसाच ठेवलास, आणि कुणाशीच नाही असं म्हणालीस, "किती गार आहे गं इथे."

पुढे मला बाराव्याला पोचायचं होतं. तूच म्हणालीस, "जा, वेळ होतेय." मी वळून पाहिलं नाही, पडले असते. दुपारी स्टँडवर तू खिडकीतून एवढंच म्हणालीस की सीट खाली करून घे, मूर्ख, कंबर जाईल.

मॅडमना मी आज सांगितलं, जानेवारी ते ऑगस्ट मीच घेते. त्या म्हणाल्या, "आठ महिने एका जागी राहशील?" मी म्हटलं, रोज अठरा किलोमीटर फिरतेच की. सीट खाली केली आहे.

दोन दिवसांत माझ्याशी म्हणून तू ही एवढी वाक्यं बोललीस, मी मोजली आहेत. तेवढं मला पुरलं, असं लिहिणार होते. लिहिलंही होतं, मग खोडलं. इथून पुढे मी जे पाठवीन ते खरं असेल, असं ठरलंय ना.

नाही पुरलं, ताई.

भिंगरी